उतार पूर्वेकडे

एखादं शहर पहिल्यांदा पाहून आलेल्या माणसाला आपण दोनच गोष्टी विचारतो: काय आवडलं आणि त्रास कसला झाला. उत्तरंही तशीच येतात. इमारती, खाणं, माणसांचं अगत्य एका बाजूला. घाण, गर्दी, उकाडा, फसवणूक दुसऱ्या बाजूला. मग दोन्हींची वजाबाकी होते आणि ‘एकदा जायला हरकत नाही’ किंवा ‘पुन्हा नाव नको’ असा निकाल लागतो. कोलकात्याच्या बाबतीत हा निकाल फारच झटपट लागतो. कुणी तिथून भारावून परततो, तर कुणी नाक दाबून.

मला ही मांडणी पटत नाही. कोलकात्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा जीव सुखावणाऱ्या आणि जीव विटवणाऱ्या गोष्टी पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणाहून निघालेल्या दिसल्या. एकीला जमेत धरून दुसरीला खर्चात टाकावं, तर हिशेबच खोटा ठरावा. हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. त्या शहराच्या सांडपाण्याने मला ते प्रत्यक्ष दाखवलं.

मराठी वाचणारा माणूस कोलकात्याला अगदीच परका म्हणून जात नाही. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले आणि आपल्याकडच्या पिढ्यांनी ते आपलेच लेखक समजून वाचले. रवींद्रनाथ आणि विवेकानंद यांच्या तसबिरी आपल्या शाळांच्या भिंतींवर असतात. मुंबईहून तिकडे जाणारी गीतांजली एक्स्प्रेस १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना सुरू झाली, आणि तेव्हा तिचे सगळे डबे एकाच वर्गाचे होते. आनंदीबाई जोशींनी अमेरिकेला जाण्यामागचं आपलं म्हणणं जाहीर सभेत मांडलं ते कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला. ७ एप्रिल १८८३ रोजी, नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झालेली ही मुलगी कोलकात्याच्या बंदरातूनच बोटीत बसली. शहर पाहायच्या आधी ते असं मनात भरून ठेवलेलं असतं. पहिल्या भेटीतला बराचसा आनंद म्हणजे या आधीच्या ओळखीची पावती असते, आणि बराचसा विरस म्हणजे ती न मिळणं.

हावड्याला उतरल्यावर पावती लगेच मिळाली. तो हावड्याचा पूल चित्रांत कितीही वेळा पाहिलेला असो, त्याच्यावरून पायी चालत जाताना छाती दडपते. १९४३ मध्ये सुरू झालेला, साडेसव्वीस हजार टन पोलादाचा हा पूल नट-बोल्टांवर नव्हे, रिव्हेटांवर उभा आहे, आणि नदीच्या पात्रात त्याचा एकही खांब नाही. पोलाद बहुतेक सगळं जमशेदपूरचं, टाटांचं. पलीकडच्या टोकाला जिना उतरलं की मल्लिक घाटाचा फुलबाजार. झेंडूच्या पिवळ्या आणि केशरी माळा जाड दोरखंडांसारख्या वेटोळी करून हमालांच्या डोक्यावरून चाललेल्या असतात आणि पायाखाली सडलेल्या पाकळ्यांचा निसरडा थर. वर पोलादाच्या खांबांच्या बुंध्यांना फायबरग्लासचं आवरण घातलेलं आहे, कारण पानाच्या पिचकाऱ्यांनी पोलाद झिजत चाललं होतं. एवढं अजस्र बांधकाम आणि त्याला माणसाच्या थुंकीपासून जपावं लागतं. मी बराच वेळ तिथे उभा होतो.

त्यानंतरचा दिवस वाईट गेला. आगाऊ पैसे भरलेल्या लॉजने खोली नाकारली, पैसे परत द्यायलाही खळखळ केली. दुसरीकडे जिन्याखालची एक खोली मिळाली, तिच्यातला पंखा फिरायचा आणि वारा यायचा नाही. दुर्गापूजेच्या आधीचे दिवस होते. पाऊस सरलेला नव्हता आणि उकाडाही हटलेला नव्हता; कोकणातला घाम ठाऊक असलेल्या माणसालाही हा उकाडा जड जातो. याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. असा दिवस कुठल्याही शहरात येऊ शकतो.

कॉलेज स्ट्रीटचा दिवस मात्र तसा नव्हता. प्रेसिडेन्सीच्या कुंपणाला लागून टिनाच्या आणि लाकडी फळ्यांच्या टपऱ्या, त्यांत छतापर्यंत पुस्तकं, आणि प्रत्येक टपरीच्या तोंडाशी बसलेला माणूस तुम्हाला थांबवून विचारतो की कुठलं पुस्तक हवं. नाव सांगितलं की तो मागे वळून पाहतही नाही; हात बरोबर त्या थप्पीकडे जातो. त्याच्याकडे नसेल तर एक पोरगा पळत जाऊन चार टपऱ्यांपलीकडून आणतो. अभ्यासाची गाईडं आणि जुनी दुर्मीळ पुस्तकं एकाच फळीवर. १८१७ मध्ये निघालेलं हिंदू कॉलेज पुढे इथेच आलं. संस्कृत कॉलेज, विद्यापीठ, सगळं या एकाच रस्त्याच्या दोन्ही अंगांना. समोरच्या गल्लीत, पूर्वीच्या अल्बर्ट हॉलमध्ये, कॉफी हाउस. तिथे एका कपावर दोन तास बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही. ज्या शहरात बोलत बसायला एवढी मोठी जागा राखून ठेवलेली आहे, ते शहर मला त्या सकाळी फार श्रीमंत वाटलं.

दुपारी पाऊस आला आणि तासाभरात रस्ता पाण्याखाली गेला. हे पाणी निव्वळ पावसाचं नसतं. गटारांची झाकणं उचलली जातात आणि खालचं वर येतं. दुकानदारांनी न बोलता खालच्या फळीवरची पुस्तकं वरच्या फळीवर न्यायला सुरुवात केली, रोजचं काम असल्यासारखी. २०२० च्या मे महिन्यात अम्फान वादळ आलं तेव्हा ही चाल पुरली नव्हती. याच रस्त्यावर पुस्तकं तरंगत गेली होती. गुडघाभर काळ्या पाण्यात उभा राहिलो तेव्हा किळस आली, हे सांगितलंच पाहिजे. सकाळचं सगळं कौतुक त्या वासाने धुऊन नेलं.

त्या पाण्यातून चालत होत्या त्या फक्त हातरिक्षा. मोटारी बंद पडल्या होत्या, बसची रांग थांबली होती. उंच चाकांच्या, माणसाने ओढायच्या रिक्षा तेवढ्या शाळेतली मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन चालल्या होत्या. ‘दो बिघा जमीन’ (१९५३) ज्यांनी पाहिलाय, त्यांना बलराज साहनींची ती धाव आठवल्यावाचून राहणार नाही. त्या भूमिकेसाठी ते याच शहरात रिक्षा ओढायला शिकले होते. माणसाने माणसाला ओढू नये, यात शंका नाही. राज्याच्या विधानसभेने २००६ मध्ये ही रिक्षा बंद करणारं विधेयक मंजूरही केलं, ते न्यायालयात अडकलं. ओढणारे बहुतेक बिहारचे, गावाकडे दोन बिघेही नसलेले. एक रिक्षावाला माझ्यासमोर थांबला. मी बसलो. न बसण्याने माझं मन स्वच्छ राहिलं असतं आणि त्याचं त्या दिवसाचं भाडं बुडालं असतं. पाऊस हाच त्याचा कमाईचा दिवस होता. ही प्रथा जायला हवी असंच मी आजही म्हणेन, पण ती जाताना त्याच्या हातात दुसरं काम हवं. पाहुण्याला नुसतं अवघडून चालत नाही. त्या अवघडलेपणाचं भाडं कुणीतरी भरत असतं.

त्याने मला सोडलं ते एका जुन्या भाताच्या खानावळीपाशी. कोलकात्यात त्यांना पाइस हॉटेल म्हणतात. संगमरवरी टेबलावर केळीचं पान, पानाचे पैसे वेगळे, लिंबाचे वेगळे, जे जे वाढलं त्याचा त्याचा हिशेब. वाढणारा माणूस दिवसाच्या माशांची यादी एका दमात तोंडपाठ म्हणतो. मी रोहू सांगितला. पातळ रस्सा, त्यात बटाट्याची लांबट फोड, काळं जिरं, हिरवी मिरची. खोबरं नाही, कोकम नाही, चिंच नाही. आणि तरी त्या दमट दुपारी त्याच्याइतकं योग्य दुसरं काही सुचलं नसतं. समुद्राचे मासे खाणाऱ्याला गोड्या पाण्याच्या माशाला चिखलाचा वास येईल अशी धास्ती असते. तसा वास नव्हता. मासा कुठून येतो, असं सहज विचारलं. वाढणाऱ्याने पूर्वेकडे हात केला आणि म्हणाला, भेडीचा आहे, आज पहाटेचा.

ही भेडी काय ते पाहायला मी पुढे त्या बाजूला गेलो, आणि माझ्या दृष्टीने कोलकात्याची पहिली भेट खऱ्या अर्थाने तिथे झाली.

हुगळी या शहराच्या पश्चिमेला वाहते, पण शहराचा उतार तिच्याकडे नाही. नदीने शतकानुशतकं गाळ टाकून आपला काठ उंच केलेला आहे, म्हणून जमीन नदीपासून पूर्वेकडे उतरत जाते. इंग्रजांच्या काळात अभियंत्यांना हे उमगलं आणि शहराची गटारं त्यांनी नदीकडे न नेता पूर्वेच्या खाऱ्या दलदलीकडे वळवली. तिथली विद्याधरी नदी हे पाणी समुद्राकडे नेत असे. पुढे ती गाळाने मेली. मागे राहिली उथळ, पसरट जमीन आणि रोज येणारं शहराचं मैलापाणी. तिथल्या कोळ्यांनी आणि जमीनमालकांनी बांध घातले, तळी केली आणि त्या पाण्यात मासे सोडले. हीच ती भेडी.

सांडपाणी आधी एका तळ्यात काही दिवस थांबवतात. पाणी मुद्दामच उथळ ठेवलेलं असतं, म्हणजे ऊन तळापर्यंत पोहोचतं. जिवाणू घाण फोडतात, त्यातून शेवाळ वाढतं, शेवाळ मासे खातात, आणि निवळलेलं पाणी पुढे भाताच्या खाचरांना जातं. रोहू, कटला, मृगळ, तिलापिया. काठाने जलपर्णीचे पट्टे बांबूंच्या आधाराने अडवून ठेवलेले असतात. पुण्यात मुळा-मुठेवर जलपर्णी पसरली की नदी गेली असं आपण समजतो. इथे तीच बांध धरून ठेवते, लाटा मोडते, पाण्यातलं विष काही अंशी शोषून घेते. हे पाणी शुद्ध करायला कोट्यवधींची यंत्रं लागली असती. ते काम ऊन आणि मासे करतात, आणि शहराला स्वस्त मासळी आणि भाजी मिळते. हा पट्टा साडेबारा हजार हेक्टरांचा आहे. २००२ मध्ये त्याला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. हा पट्टा कागदावर आणला ध्रुवज्योती घोष नावाच्या एका सरकारी अभियंत्याने. १९८० च्या दशकात, शहराचं सांडपाणी शेवटी जातं कुठे, असा प्रश्न घेऊन तो माणूस या बांधांवरून वर्षानुवर्षं हिंडला, कोळ्यांकडून शिकला आणि त्यांचं ज्ञान हे ज्ञान आहे असं ठणकावून सांगत राहिला. २०१८ मध्ये ते गेले. आपल्या शहरांना असा एकेक अभियंता लाभायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

बांधावर उभा राहिलो तेव्हा मावळतीकडे बायपासच्या उंच इमारती दिसत होत्या. त्यांच्या अलीकडचं सॉल्ट लेक हे उपनगर साठच्या दशकात हुगळीचा गाळ आणून, याच दलदलीवर भराव टाकून वसवलेलं. भराव अजूनही टाकला जातो आहे. एका कडेला राडारोड्याचा ताजा ढीग पडला होता. कोळी गळाभर पाण्यात एका रांगेत उभे राहून जाळं ओढत होते आणि मासे त्यांच्या खांद्यांवरून उड्या मारत होते. कॉलेज स्ट्रीटवर मला ज्याची किळस आली, ते पाणी इथेच येणार होतं. त्याच दुपारी मी जे आवडीने खाल्लं, ते इथूनच आलं होतं. मग माझ्या यादीत कुठल्या गोष्टीपुढे कुठली खूण करायची? आणि या बांधावर इमारती उभ्या राहिल्या, तर पुढल्या पावसात पुस्तकांच्या टपऱ्यांतलं पाणी आणखी वर चढणार. एका बाजूचं सुख तोडलं की दुसऱ्या बाजूचं दुःख वाढतं, अशी ती जोडणी आहे. पाहुण्याला ती दिसत नाही, कारण तो दोन टोकांना वेगवेगळ्या वेळी जातो.

हे कळल्यावर शहरातलं बाकीचंही वेगळं दिसू लागलं, आणि उत्तरेला बागबाजारात तर माझ्याच अंगावर आलं. तिथे एका गल्लीचं नाव मराठा डिच लेन आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचं सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमध्ये उतरलं. त्याच्या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सातेक मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत आणि काम थांबलं. पुढे तो बुजवून त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड झाला. म्हणजे मी बसने ज्या रस्त्यावरून जा-ये करत होतो, त्याची रेघ माझ्या पूर्वजांच्या भीतीने आखली होती.

शाळेत आपण बंगालच्या चौथाईबद्दल अभिमानाने वाचतो. १७५१ च्या तहात बारा लाख वर्षाला आणि ओडिशा. त्या बारा लाखांच्या मागे काय होतं ते गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात लिहून ठेवलं आहे: जाळलेली गावं, पळणारी माणसं, बायकांची विटंबना. बंगाली बाळांना झोपवताना अजूनही बर्गी येतील अशी भीती घातली जाते, आणि ते बर्गी म्हणजे मराठा स्वार. बागबाजारातल्या एका चहाच्या दुकानात मी महाराष्ट्राचा आहे हे कळल्यावर एका आजोबांनी मोठ्याने ‘बर्गी!’ म्हटलं आणि हसून मला जवळ बसवून घेतलं. चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. मला ते हसू फार मोलाचं वाटलं, पण म्हणून त्या शब्दातली जळलेली गावं विझत नाहीत. त्याच शहरात, दीडेकशे वर्षांनंतर, सखाराम गणेश देउस्करांनी ‘देशेर कथा’ (१९०४) लिहिली. देउस्कर मराठी घरातले, देवघरला वाढलेले, लिहिणारे बंगालीत. त्याच वर्षी रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता रचली. त्याच सुमारास कोलकात्यात शिवाजी-उत्सव होऊ लागले. लुटारू म्हणून आठवलेला मराठा आणि स्वातंत्र्याची प्रेरणा म्हणून आळवलेला मराठा, दोन्ही या शहराने सांभाळले आहेत. एकाला दुसऱ्याखाली गाडलं नाही. आपल्याकडे हा उमदेपणा इतिहासाच्या बाबतीत किती शिल्लक आहे, हा विचार मला तिथे बसून छळत राहिला.

बागबाजारापासून मूर्तिकारांची कुमारटुली जवळच. पूजेच्या आधी तिथल्या गल्ल्यांतून चालायचं तर अंग चोरून चालावं लागतं, कारण दोन्ही बाजूंनी दुर्गा बाहेर आलेल्या असतात. कुणाला अजून डोकं नाही, कुणाला बोटं नाहीत. बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा सुतळीने आवळायचा, त्यावर भाताचं तूस घालून मळलेली चिकणमाती, मग बारीक मातीचा हात. सांध्यांना तडे जाऊ नयेत म्हणून कापडाच्या पट्ट्या पातळ मातीत बुडवून चिकटवतात. बोटं वेगळी वळून नंतर जोडतात. डोळे शेवटी.

बोटं वळत बसलेल्या एका तरुण कारागिराला माझी हिंदी ऐकून मी कुठला ते ओळखता आलं. तो मुंबईत राहून गेला होता. पूजा उरकली की माघी गणपतीच्या कामाला परळकडे जातो. मुंबईची पहिली भेट कशी झाली, असं मी विचारलं. समुद्र त्याने पहिल्यांदा तिथेच पाहिला. गणपती घरी नेणारी माणसं मूर्ती मांडीवर घेऊन टॅक्सीत बसतात, याचं त्याला फार अप्रूप वाटलं. इथे मूर्ती ट्रकमधून जाते, म्हणाला. तिथल्या मुकादमाच्या घरून त्याला रोज जेवण आलं, ते त्याने दोनदा सांगितलं. आणि परळच्या त्याच गल्लीत, बंगाली बोलताना ऐकून, तू कुठल्या देशाचा असं विचारत त्याला आणि त्याच्या भावाला रात्री खोलीतून खाली बोलावलं होतं. सकाळपर्यंत बसवून ठेवलं. मूर्ती तर तुमच्याच देवाची करत होतो, दादा, एवढंच तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मला मात्र तिथे मान वर करून बसवेना. लालबाग-परळ म्हणजे मुंबईचं काळीज, असं ऐकत आणि सांगत मी वाढलोय.

तो पुन्हा जाणार आहे. तिथे मजुरी चांगली मिळते आणि मुकादमाने निरोप धाडला आहे. या खेपेस आधार कार्डाबरोबर मतदार ओळखपत्र आणि आजोबांच्या नावाचा जमिनीचा कागदही न्यायचा, असं दोघा भावांनी ठरवलंय; मुकादमाच्या ओळखीने पोलीस चौकीत आधीच नाव नोंदवून ठेवता येईल का, हे त्याने मला विचारलं. मी मुकादमाचा फोन नंबर लिहून घेतला.